सोलमध्ये बाहेर जेवायला जाताना: नव्याने आलेल्या मराठी मंडळींसाठी

सोलला नवीन आलेला मराठी माणूस पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी विचारतो. खोली कुठे घेऊ आणि बाहेर खाऊ काय? खोलीचं काम रेसिडेन्स कार्ड (परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र) हातात आलं की हळूहळू मार्गी लागतं. खाण्याच्या बाबतीत मात्र बहुतेक जण सवयीने आपली पद्धत वापरतात. दिसेल त्या हॉटेलात शिरायचं, बसायचं, मेन्यूकार्ड उलटंपालटं करायचं आणि मग विचारायचं, "यात व्हेज काय आहे?" किंवा "चिकनमध्ये काय मिळेल?" इथे या प्रश्नाला उत्तर नसतं. कारण बहुतेक कोरियन हॉटेलं एकच गोष्ट करतात. कालगुक्सूवाला हाताने कापलेल्या नूडल्सच देणार, गुकबापवाला हाडांच्या रश्श्यातला भातच देणार, आणि भाजलेल्या मांसाच्या हॉटेलात तुम्हाला मांसच भाजायला लागणार. त्यामुळे इथे पदार्थ निवडायचा नसतो, दुकान निवडायचं असतं. टेबलावर बसल्यावर वाटाघाटी करायच्या नाहीत. जे काही ठरवायचं ते दाराबाहेर ठरवायचं.

त्यासाठी एक काम आधी करा. भाषा येऊ दे सावकाश, पण हंगुल लिपी लगेच शिका. देवनागरी वाचणाऱ्याला ती जड जात नाही. स्वर, व्यंजन, अक्षरांची जुळणी हे सगळं आपल्या ओळखीचं आहे, एका आठवड्यात पाट्या वाचता येतात. फोनवरचं पापागो हे भाषांतराचं ॲप मेन्यूचा फोटो काढून अर्थ सांगतं, ते ठेवाच, पण पदार्थांच्या नावांवर त्याची फजिती होते आणि भिंतीवर हाताने लिहिलेला मेन्यू त्याला नीट वाचता येत नाही. शिवाय रस्त्यावरून चालता चालता पाटी वाचून "हे आपलं नाही" असं ठरवता येणं वेगळं आणि आत जाऊन पाणी पिऊन उठणं वेगळं.

वाचता येऊ लागलं की डझनभर शब्द पाठ करा. सो किंवा सोगोगी म्हणजे गोमांस, त्वेजी म्हणजे डुक्कर, ताक म्हणजे कोंबडी (आपलं ताक नव्हे, उन्हाळ्यात या पाटीने भलत्या आशा लागतात). हेमुल म्हणजे समुद्रातलं सगळं, सेऊ म्हणजे कोळंबी, म्योल्छी म्हणजे वाळवलेली छोटी मासळी, ओमुक म्हणजे माशाच्या लगद्याच्या वड्या, हेम म्हणजे हॅम, केरान म्हणजे अंडं, तुबू म्हणजे टोफू, पोसॉत म्हणजे अळंबी आणि युक्सू म्हणजे मांसाचा किंवा हाडांचा उकळून काढलेला रस. या शेवटच्या शब्दावर लक्ष ठेवा. शाकाहाऱ्याचा घात तोच करतो.

गोमांस न खाणाऱ्यांसाठी इथे एक चांगली सोय आहे आणि नवीन लोकांना ती कोणी सांगत नाही. कायद्याने प्रत्येक हॉटेलाला मूळ ठिकाणाची पाटी लावावी लागते: गोमांस कुठल्या देशाचं, डुक्कर कुठलं, कोंबडी कुठली, तांदूळ कुठला, किमचीतला कोबी आणि तिखट कुठलं, टोफूचं सोयाबीन कुठलं. ती पाटी कॅश काउंटरजवळ किंवा भिंतीवर असते, कधी मेन्यूच्या तळाशी बारीक अक्षरात. कोरियन लोक ती बघतात देशी माल आहे का परदेशी ते तपासायला. आपण बघायची ती स्वयंपाकघरात काय काय येतं हे कळायला. पाटीवर सोगोगी हा शब्दच नसेल तर निदान मांस म्हणून बीफ त्या घरात नाही. मसाल्यातून येणारं मात्र त्यात दिसत नाही. दाशिदा नावाची गोमांसाच्या अर्काची पूड अनेक स्वयंपाकघरांत सर्रास वापरली जाते. एखाद्याला तेवढंही चालत नसेल तर विचारावंच लागतं.

"गोगी नको" एवढं पुरत नाही

शाकाहारी मंडळींनी हा भाग सावकाश वाचावा.

"गोगी प्पेजुसेयो", म्हणजे मांस वगळा, हे वाक्य सगळे आधी शिकतात. आणि त्याचा परिणाम असा होतो की वरचे मांसाचे तुकडे वगळून तोच रस्सा तुमच्यासमोर येतो. स्वयंपाक करणारी बाई फसवत नसते. तिच्या लेखी गोगी म्हणजे मांसाचा तुकडा. मासा गोगीत मोडत नाही, हॅम कधी मोडतं कधी नाही, आणि रस्सा तर नाहीच नाही. म्हणून वस्तूंची नावं घ्यायची: हेम प्पेजुसेयो, ओमुक प्पेजुसेयो. युक्सू आहे का, म्योल्छी आहे का, असं एकेक विचारायचं. "बिगॉन" (व्हीगन) हा शब्द आता तरुणांना आणि कॅफेवाल्यांना कळतो. साठीच्या आजीबाईला तो सांगून उपयोग नाही. तिला "हेमुल, गोगी, मोत मोगोयो", म्हणजे हे खाता येत नाही, असं काहीतरी मोडकंतोडकं बोललात तरी चालेल, ती हातवारे करून उत्तर देईल.

आता कुठे काय लपलेलं असतं ते सांगतो. किमचीत बहुतेक वेळा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा खार असतो, त्यामुळे काटेकोर शाकाहाऱ्याने किमची शाकाहारी समजू नये. सोयाबीनच्या आंबवलेल्या लगद्याचा रस्सा, तो दोएन्जांग ज्जिगे, नावाला डाळीसारखा निरुपद्रवी, पण पाणी म्योल्छीचं आणि वर कधी शिंपल्या, कधी बीफ. सुंदुबू हा मऊ टोफूचा रस्सा तसाच. तोकबोकीत, म्हणजे तिखट सॉसमधल्या तांदळाच्या वड्यांत, ओमुक हमखास. नेंगम्योन या बर्फ घातलेल्या थंड नूडल्सचं पाणी बहुधा बीफचं. जापछे या परतलेल्या पारदर्शक नूडल्समध्ये बीफच्या पट्ट्या. जाजांगम्योनच्या काळ्या सॉसमध्ये डुकराचं मांस आणि बऱ्याचदा चरबीही. बिबिम्बाप, म्हणजे वर भाज्या घालून कालवायचा भात, हा आपल्या लोकांचा लाडका पदार्थ, त्यात वरचा बीफचा खिमा वगळून मिळतो, पण काही ठिकाणी गोचुजांग ही आंबवलेली मिरचीची चटणीच खिमा घालून परतलेला असतो. तेवढं विचारा आणि अंडं चालत नसेल तर तेही सांगा.

मग खायचं काय? बरंच आहे, फक्त दुकान योग्य हवं. मे महिन्यापासून उन्हाळाभर कोंगगुक्सू मिळतं: सोयाबीन वाटून केलेल्या थंडगार दुधात नूडल्स. मीठ किंवा साखर आपण घालायची. पहिल्यांदा फिकं लागतं, दुसऱ्या वेळी आवडतं. जुक म्हणजे पेजेची दुकानं वेगळी असतात, तिथे होबाकजुक ही लाल भोपळ्याची आणि पातजुक ही लाल चवळीसारख्या कडधान्याची पेज बिनधोक. डिसेंबरात वर्षातल्या सर्वात मोठ्या रात्रीच्या दिवशी सगळे पातजुक खातात, त्या दिवशी रांगेची तयारी ठेवा. बटाटा किसून केलेलं गामजाजॉन, ओकच्या फळाच्या पिठाची वडी दोतोरीमुक, टोफूच्या दुकानातला तव्यावर परतलेला टोफू, डोंगरी भाज्यांचा सान्छे बिबिम्बाप. आणि बिंदेत्तोक: भिजवलेले मूग जात्यावर वाटून तेलात थापलेलं, आपल्या मुगाच्या धिरड्याचं जाडजूड, दणकट भावंड. 1905 साली सुरू झालेल्या ग्वांगजांग बाजारात ते डोळ्यांदेखत वाटून तळतात. काही गाड्यांवर पिठात डुकराचं मांस असतं, काहींवर नसतं, म्हणून तळणारीला आधी विचारा.

गिंबापचं, म्हणजे समुद्री शेवाळात गुंडाळलेल्या भाताचं, एक वेगळं सांगतो, कारण नोकरदाराचा आणि विद्यार्थ्याचा तोच आधार. गल्लोगल्ली असलेल्या गिंबापच्या दुकानांत तुमच्यासमोर गुंडाळी करतात, म्हणून हेम, ओमुक आणि खेकड्याच्या नावाने विकली जाणारी माशाची काडी, मात्साल, हे तिन्ही वगळायला सांगता येतं. गाजर, पालक, मुळ्याचं लोणचं, अंडं उरतं. सोलमध्ये साध्या गिंबापची एक गुंडाळी हल्ली 4,000 वॉनच्या आतबाहेर मिळते. इतक्या पैशांत या शहरात दुसरं काही पोटभर सहसा मिळत नाही. कन्व्हिनियन्स स्टोअरमधलं तयार गिंबाप मात्र मागची यादी वाचल्याशिवाय घेऊ नका.

लसूण-कांदाही न खाणारे आले तर त्यांच्यासाठी बौद्ध मंदिरांची पाकपरंपरा आहे. तिच्यात मांस-मासळी तर नाहीच, शिवाय लसूण, कांदापात यांसारख्या पाच उग्र भाज्याही वर्ज्य. इन्सादोंगजवळ जोग्येसा मंदिरासमोर जोग्ये पंथानेच चालवलेलं बाल्वू गोंगयांग नावाचं हॉटेल आहे. आधी नोंदणी करून जायचं, ताट महाग असतं. जैन मंडळींनी एवढं लक्षात ठेवावं की मुळा, कमळकंद, बटाटा तिथे असतो.

एकटे असाल तर

एकट्याने गेलात तर काही दारं बंदच असतात. मांस भाजायच्या हॉटेलात, मोठ्या भांड्यातल्या रश्श्याच्या हॉटेलात किमान दोन माणसांचं घ्यावं लागतं. मेन्यूवर पदार्थाशेजारी "2 जणांपासून" असं लिहिलेलं असतं. तुमच्या रंगाचा, देशाचा त्याच्याशी संबंध नाही. कोरियन माणूस एकटा आला तरी त्यालाही हेच ऐकावं लागतं. "मी दोघांचे पैसे देतो" म्हणालात तर बहुतेक वेळा बसू देतात. गर्दीच्या वेळी तरीही नाही म्हणू शकतात.

उलटा प्रकारही आहे. आपण चौघं जाऊन दोन प्लेट मागवून वाटून खातो, ती वन बाय टूची सवय इथे चालत नाही. नूडल्सच्या, भाताच्या हॉटेलात आणि कॅफेतही माणशी एक पदार्थ घ्यावा अशी पाटी असते आणि ती मनावर घ्यायची असते.

एकट्यासाठी सोयीच्या जागा म्हणजे गिंबापची दुकानं, नूडल्सची दुकानं, गुकबाप (मांस खाणाऱ्यांसाठी), डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरातलं फूड कोर्ट आणि विद्यापीठाची खानावळ. विद्यापीठात असाल तर खानावळीला नाकं मुरडू नका. कित्येक विद्यापीठांत सरकारी मदतीने 1,000 वॉनमध्ये सकाळचं जेवण मिळतं. नाश्ता नव्हे, भात-रस्सा-भाजी असं जेवणच. ताटं मोजकी असतात, उशिरा उठणाऱ्याला मिळत नाहीत.

टेबलावर बसल्यावर

आत शिरल्यावर किती जण आहात ते बोटांनी दाखवा. बसल्यावर चमचे-काड्या कुठे दिसत नाहीत म्हणून वाट बघत बसू नका. टेबलाच्या कडेला खाली खण असतो, त्यात चमचे, धातूच्या काड्या आणि कागदी रुमाल असतात. टोळीतला सर्वात लहान माणूस सगळ्यांना मांडून देतो आणि पाणी ओततो. पाणी फुकट. "सेल्फ" लिहिलेलं असेल तर उठून आपणच आणायचं. वाढप्याला बोलवायला टेबलावर बटण असतं. बटण नसेल तर "जोगियो" अशी हाक मारायची, जरा खणखणीत आवाजात. आपल्याकडे हाक मारणं उद्धटपणाचं वाटतं म्हणून आपण डोळ्याला डोळा भिडायची वाट बघतो आणि इथे कुणी आपणहून फिरकत नाही. मावशींच्या वयाच्या बाईंना "इमो" म्हणतात, तेही चालतं, पण नवीन माणसाने जोगियोवरच राहावं.

मुख्य पदार्थाआधी छोट्या वाट्यांमधून बांचान, म्हणजे तोंडीलावणी, येतात. त्यांचे पैसे नसतात आणि संपल्या की पुन्हा मागता येतात: "बांचान तो जुसेयो". मोड आलेल्या सोयाबीनची कोशिंबीर, पालक, गोडसर बटाटा, समुद्री शेवाळाचा पापड हे आपलं. चकचकीत तपकिरी पट्ट्या दिसल्या तर तो ओमुक. बांचानचं वेगळं टेबल असेल तर थोडं थोडं घ्या. ताटात टाकून दिलं तर जास्तीचे पैसे पडतील अशी पाटी बऱ्याच ठिकाणी असते.

भात आणि रस्सा चमच्याने, बाकी काड्यांनी. वाटी उचलून तोंडाला लावत नाहीत, ती टेबलावरच राहते, आणि स्टीलच्या झाकणाच्या वाटीतला भात इतका गरम असतो की उचलायचं धाडस कुणी दुसऱ्यांदा करत नाही. काड्या भातात उभ्या खोचू नका, ते पितरांच्या ताटाचं लक्षण. नाक शिंकरायला टेबलावरून उठा. वयाने मोठा माणूस चमचा उचलेपर्यंत आपण थांबायचं. सॅलडच्या पानात मांस, लसूण, सामजांग (सोयाबीन-मिरचीची घट्ट चटणी) घालून केलेला घास हाताने खायचा आणि अख्खा एकदम तोंडात घालायचा. दोन घासांत खाल्लात तर सगळं मांडीवर येईल. मांसाच्या हॉटेलात कोट ठेवायला स्टुलाच्या आत पोकळी असते किंवा मोठी पिशवी देतात, ती वापरा, नाहीतर दुसऱ्या दिवशी मेट्रोत शेजारच्याला तुमचा मेन्यू कळतो.

कात्री आणि चिमटा बघून दचकू नका. मांस, नूडल्स, किमची सगळं कात्रीनेच कापतात. भाजायचं काम कर्मचारी करत असतील तर त्यांच्या हातातून चिमटा घेऊ नका. ते त्यांचं काम आहे आणि तुमच्यापेक्षा चांगलं करतात. मेन्यूत "एकाचं" म्हणजे किती ग्रॅम ते छापलेलं असतं, कुठे 150, कुठे 180, कुठे 200. किमतीची तुलना करताना आधी ग्रॅम बघा. साम्ग्योप्साल हे डुकराच्या पोटाचं मांस 200 ग्रॅमला आता 20,000 वॉनच्या घरात गेलं आहे. देशी गाईचं, हानूचं मांस त्याच्या कितीतरी पट. न खाणाऱ्यांना महागाईचा फटका तेवढा कमी.

ऑफिसचं जेवण

हाच सगळ्यांचा खरा पेच आहे. हेसिक, म्हणजे ऑफिसचं किंवा लॅबचं सामूहिक जेवण. हॉटेल वरिष्ठांच्या आवडीने ठरतं आणि बुकिंग गटातला सर्वात कनिष्ठ माणूस करतो. म्हणून बॉसशी नव्हे, त्या कनिष्ठाशी आधी बोला. जेवणाच्या दोन दिवस आधी काय चालत नाही ते लिहून पाठवा, वस्तूंच्या नावांसकट. त्याचं काम सोपं होतं आणि तुमच्यामुळे सगळ्यांचा बेत बदलला असा प्रसंग टेबलावर ओढवत नाही. टेबलावर बसल्यावर सांगितलंत तर दहा माणसं तुमच्या ताटाची चिंता करत बसतील आणि तुम्हाला मेल्याहून मेल्यासारखं होईल.

तरीही मांसाच्या हॉटेलात जायची वेळ आलीच तर उपाशी राहायचं कारण नाही. भाताची वाटी वेगळी मागवता येते, साधारण 1,000 वॉनची, हल्ली काही ठिकाणी 2,000. सॅलडची पानं, सामजांग, भाजलेली अळंबी, लसूण, वाफवलेलं अंडं (त्यात कोळंबीचा खार असू शकतो) एवढ्यावर जेवण होतं. अळंबी भाजायला जाळीचा एक कोपरा आधीच अडवून ठेवा. मांस संपल्यावर शेवटी भात किंवा नूडल्स मागवायची पद्धत आहे. आधीच भात मागितलात तर वेटर दोनदा विचारेल, विचारू दे.

दारूचं म्हणाल तर बळजबरी पूर्वीइतकी राहिलेली नाही. "सुल मोत माश्योयो", मला पिता येत नाही, एवढं स्पष्ट आणि पहिल्याच पेल्याला सांगायचं. अर्धा पेला पिऊन मग नाही म्हटलं की आग्रह सुरू होतो, आणि आग्रहात आपल्याला मागे टाकणारे लोक आहेत हे. पेला रिकामा ठेवू नका, त्यात साइदा भरा. साइदा हे लिंबाच्या चवीचं साधं सोड्याचं पेय आहे, नावावरून घाबरू नका. दुसऱ्यांना मात्र ओतून द्या. मोठ्यांना ओतताना दोन्ही हात बाटलीला, घेताना दोन्ही हात पेल्याला. स्वतःचा पेला स्वतः भरत नाहीत. मोठ्यांसमोर पिताना मान किंचित बाजूला वळवतात. पिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी: कायद्याने ज्या वर्षी 19 पूर्ण होतात त्या वर्षाच्या 1 जानेवारीपासून परवानगी आहे, आणि ओळखपत्र मागतात. सिगारेट 2015 पासून कुठल्याही हॉटेलात आत चालत नाही.

पहिल्या जेवणानंतर दुसरी फेरी बिअरच्या ठिकाणी आणि तिसरी गाण्याच्या खोलीत. पहिलीला पूर्ण वेळ थांबा, दुसरीला तोंड दाखवा, तिसरी ऐच्छिक समजा. मेट्रो मध्यरात्रीच्या आसपास बंद होते, हे कारण सगळ्यांना पटतं.

पैसे

टीप द्यायची नाही. ठेवलीत तर मागे धावत येऊन परत देतील. मेन्यूवरच्या किमतीत कर धरलेला असतो, वर काही चढत नाही. बिल टेबलावर येत नाही, दारापाशी काउंटरवर जाऊन द्यायचं. कार्ड सगळीकडे चालतं, बाजारातल्या गाड्यांवर रोख बाळगा. "सोबिसू" म्हणून काही पुढ्यात आलं तर ते मालकाकडून भेट आहे, हसून घ्या.

कोण देतो? बोलावणारा किंवा मोठा. काउंटरवर ओढाताण करण्यात अर्थ नाही. पहिलं त्यांनी दिलं तर नंतरची कॉफी तुम्ही द्या, हिशेब तिथेच मिटतो. बरोबरीच्या मित्रांत एक जण कार्ड देतो आणि बाकीचे काकाओ या फोनवरच्या ॲपवर आपला वाटा पाठवतात. गर्दीच्या वेळी काउंटरवर पाच कार्डं काढू नका.

विद्यापीठातल्या लोकांनी एक कायदा माहीत करून घ्यावा. 2016 पासून लागू असलेल्या लाचविरोधी कायद्यात, ज्याला सगळे किम यंग-रान कायदा म्हणतात, सरकारी नोकर, पत्रकार यांच्याबरोबर प्राध्यापकही येतात. कामाच्या संबंधात जेवण देण्यावर मर्यादा आहे. 30,000 वॉनची होती, 2024 मध्ये 50,000 झाली. पण तुमचे गुण ज्यांच्या हातात आहेत त्या प्राध्यापकांना तुम्ही जेवण द्यायचंच नाही, मर्यादेच्या आतही नाही. आपल्याकडे सरांना घरी बोलावून जेवू घालणं ही साधी कृतज्ञता. इथे ती त्यांना अडचणीत टाकते. पदवी हातात पडली, संबंध संपला, की मग बोलवा.

फोन, रांग आणि वेळा

नेव्हर मॅप आणि काकाओ मॅप, दोन्हीतलं एक तरी फोनवर हवंच. हॉटेलाच्या वेळा, मेन्यूचे फोटो, सुट्टीचा वार सगळं तिथे असतं. लोकांनी काढलेल्या फोटोंमध्ये भिंतीवरचा मेन्यू दिसतो, तो बसल्या जागी वाचून घ्या. दुपारी साधारण 3 ते 5 पुष्कळ हॉटेलं बंद असतात. आपण रविवारी उशिरा उठून 3 वाजता जेवायला निघतो आणि नेमके त्यात सापडतो. रात्रीची शेवटची ऑर्डर बंद व्हायच्या वेळेच्या बरीच आधी घेतात. ऑफिसच्या भागात दुपारी साडेअकरा ते साडेबारा बसायला जागा नसते आणि एकला सगळं शांत होतं.

नावाजलेल्या ठिकाणी दाराशी टॅबलेट असतो, त्यात फोन नंबर टाकून नंबर लावायचा, मग काकाओटॉकवर निरोप येतो. कोरियन नंबर नसेल तोपर्यंत आत जाऊन कर्मचाऱ्याला सांगा, कागदावर नाव लिहून घेतात. निरोप आल्यावर काही मिनिटांत पोचला नाहीत तर नंबर जातो. ऑर्डरचं यंत्र असेल तिथे पहिला प्रश्न इथे खाणार की नेणार असा असतो: मेजांग म्हणजे इथे, पोजांग म्हणजे बांधून. पॉइंट जमा करायचे का, असं मध्येच विचारतं, त्याला नाही म्हणून पुढे जा. परदेशी कार्ड यंत्राने नाकारलं तर घाबरून ऑर्डर सोडू नका, काउंटरवरच्या मशीनवर तेच कार्ड बऱ्याचदा चालतं. इथल्या बँकेचं कार्ड मिळालं की ही कटकट संपते.

घरचे लोक भेटायला येतात तेव्हा पहिले दोन दिवस हौसेने कोरियन जेवतात आणि तिसऱ्या दिवशी वरण-भात आठवतो. त्यासाठी इतेवोनमध्ये भारतीय हॉटेलं आहेत, तिथेच मशिदीच्या उतारावर हलाल मिळतं, आणि दोंगदेमुनजवळ छांगशिन-दोंगमध्ये नेपाळी हॉटेलं आहेत. माझं मत विचाराल तर डाळ-भातासाठी नेपाळी बरी, भारतीय हॉटेलांतली ग्रेव्ही कोरियन जिभेला मानवेल अशी गोड केलेली असते. गुडघे दुखणारे कोणी बरोबर असेल तर जमिनीवर बसायचं हॉटेल टाळा. अशी हॉटेलं कमी होत चालली आहेत तरी इन्सादोंगच्या गल्ल्यांत अजून सापडतात. तिथे बूट बाहेर काढावे लागतात, मोजे धड घालून या.

आणि घरच्यांची तिकिटं काढताना तारखा बघा. सोल्लाल (चांद्र नववर्ष) आणि छुसॉक (शरदातला सुगीचा सण) या दोन सणांना घरगुती हॉटेलं दोन-तीन दिवस बंद असतात, आणि मालक गावाला गेलेला असतो. तेव्हा साखळी कॅफे, कन्व्हिनियन्स स्टोअर आणि इतेवोन एवढंच उघडं सापडतं. भाजी, दूध, तांदूळ आदल्या दिवशी दुपारपर्यंत आणून ठेवा, संध्याकाळी मार्टमध्ये पाय ठेवायला जागा नसते.